खोटं शून्य

पाण्याच्या लॅबमध्ये तिला सगळे मीटरबाई म्हणायचे. तिचं काम पाणी तपासायचं नव्हतं, पाणी तपासणारी यंत्रं तपासायचं होतं. हातात मावतील असे सहा मीटर रोज सकाळी लॅबमधून बाहेर पडायचे, शहरभर फिरायचे आणि परत तिच्या टेबलावर यायचे. कुणाच्या काचेच्या नळीवर बोटांचे ठसे, कुणाच्या झाकणात चिखल, कुणाची बॅटरी मेलेली. ती त्यांना पुसायची, आकडा आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांपुढे बसवून खरं बोलायला लावायची आणि वहीत सही करायची. सोळा वर्षं हेच. "एक वेळ माझी बायको खोटं बोलेल, मीटरबाईचा मीटर बोलणार नाही," असं शुद्धीकरण केंद्रातले पंपवाले काका म्हणायचे. त्यांच्या बायकोला हे माहीत होतं, आणि ती त्यांना त्याबद्दल वेळोवेळी सुनावायची.

त्या मंगळवारी ती सव्वाआठला आली, तर नमुनेवाला तिच्या आधीच येऊन बसलेला. पहाटे सहाला निघून ठरलेल्या नळांवर क्लोरीन मोजायचं, बाटल्या भरून आणायच्या, हे त्याचं काम. एरवी नऊशिवाय तो उगवत नसे. आज नाकाला रुमाल लावून, डोळे लाल करून खुर्चीच्या टोकावर बसला होता. चार दिवसांपासून त्याला सणसणीत सर्दी होती.

"ताई, तीन नंबरचा मीटर बघा. मेलाय बहुतेक."

"काय झालं?"

"सहा नळांवर लावला. सहाही ठिकाणी शून्य."

तिनं पर्स टेबलावर ठेवली नाही, तशीच खांद्याला राहिली. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन उरलेलं असावं लागतं. लिटरला अर्धा मिलिग्रॅम, जरा वर, जरा खाली. तेवढं असलं की वाटेत पाण्यात काही शिरलं तरी ते मरतं. नळीत पाणी घ्यायचं, रसायनाची पुडी टाकायची, पाणी गुलाबी होतं. जितकं गुलाबी तितकं क्लोरीन, आणि मीटर तो गुलाबीपणा मोजतो. शून्य म्हणजे पाणी उघडं पडलं.

"काल संध्याकाळी किती होतं?"

"सगळीकडे पॉइंट सहा. मीच घेतलं की."

"काकांना कळवलंस?"

"पावणेसातलाच. तर ते म्हणाले, इथं स्क्रीनवर पण रात्री दोनपासून आकडा खाली खाली चाललाय. त्यांनी क्लोरीनचा डोस वाढवला. साडेसातला मी परत फोन केला, परत शून्य. त्यांनी अजून वाढवला."

स्क्रीनवर, हे ऐकलं आणि तिची नजर टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली.

स्क्रीनवरचा आकडा केंद्रातल्या एका सेन्सरकडून यायचा. मोठ्या पाइपात बुडवून ठेवलेली बोटभर जाडीची कांडी, तिच्या टोकाला कांद्याच्या सालीसारखा पातळ पडदा. हा पडदा सहा महिन्यांनी बदलायचा असतो. जुना झाला की सेन्सरला क्लोरीन कमी दिसायला लागतं, म्हाताऱ्या माणसाला मोतीबिंदूमुळे उजेड कमी दिसावा तसं. पाच आठवड्यांपूर्वी ती तो बदलायला गेली होती. जुना पडदा काढून हातात घेतला आणि फोन वाजला. शेजारीण सांगत होती की सासूबाई न्हाणीघरात पडल्या आहेत आणि बोलत नाहीत. नवा पडदा बसवला की सहा तास थांबून मग आकडा जुळवायचा असतो. सहा तास कुठून आणायचे? तिनं जुनाच पडदा पुसला, परत बसवला, हातातल्या मीटरशी आकडा जुळवला. जुळलाही. वहीत लिहिलं, "पडदा बदलला", आणि सही केली. उद्या येऊन खरंच बदलू म्हणाली. उद्या ती दवाखान्यात होती, परवाही. नव्या पडद्याची डबी टेबलाच्या खालच्या खणात गेली. पहिले काही दिवस खण उघडला की डबी तिच्याकडे बघायची. नंतर तिनं वर एक फडकं टाकलं.

आता ती खाली बसली, तीन नंबरचा मीटर पुढे ओढला. तो उलटा धरलाय हे लक्षात न येता बटण शोधत राहिली.

"ताई, तुम्हाला बरं नाही का?"

"मला बरं आहे. तू नाक पूस."

तिच्याकडे चार सीलबंद नळ्या होत्या, चार ठरलेल्या गुलाबी छटांच्या. त्या घातल्या की मीटरनं ठरलेले आकडे दाखवायलाच पाहिजेत. पहिली घातली. पॉइंट दोन हवं होतं, पॉइंट दोन आलं. दुसरी, तिसरी, चौथी. बरोबर, बरोबर, बरोबर. मीटर ठणठणीत होता.

एरवी तिला हायसं वाटलं असतं. पण मीटर खरा तर शून्यही खरं. आणि सेन्सरही तेच सांगत होता, म्हणजे पडदा जुना असूनही खरं सांगत होता. म्हणजे पाइपात रात्रीतून असं काही शिरलंय जे सगळं क्लोरीन गिळतंय. कुठे गटाराची लाइन फुटली असेल. आत्ता पावणेनऊ. लोक पाणी भरून, पिऊन, बाटल्या देऊन मुलांना शाळेत धाडून मोकळे झाले असतील. तिला एकदम लहान मुलांचे हात दिसायला लागले, नळाखाली ओंजळ धरलेले. समोरच्या सहा बाटल्यांतला एक घोटही प्यायची तिची हिंमत झाली नसती.

"वाटेत कुणी काही बोललं का? पाणी गढूळ आहे, वगैरे?"

"गढूळ नाही. त्या तिसऱ्या नळावरची बाई मात्र माझ्यावरच ओरडली. म्हणे पाण्यानं डोळे झोंबतायत, काय ओतलंत? म्हटलं बाई, इथं ओतायला काही शिल्लकच नाही." तो शिंकला. "लोकांना काहीही वाटतं."

मीटरबाईनं तिसऱ्या नळाची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि तोंड नाकापाशी नेलं.

तिला ठसकाच लागला. डोळ्यांत पाणी आलं. शून्य क्लोरीन असलेल्या त्या बाटलीतून असा भपका आला जसा धुलाईच्या कारखान्यातल्या पिंपातून यावा.

"तुला वास नाही आला?"

"ताई, मला चार दिवस कशाचाच वास नाही. घरात काल पातेलं करपलं, मी शेजारी बसून पेपर वाचत होतो."

तिनं स्वच्छ नळीत ते पाणी घेतलं, पुडी फोडली आणि या वेळी मीटरकडे न बघता नळीकडे बघत राहिली. पुडी पाण्याला लागली तिथं क्षणभर गडद गुलाबी ढग उठला. मग तो ढग फिका झाला, आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी पुन्हा निर्मळ झालं. मीटरला काचेआड ठेवून मिनिटभर थांबावं तोवर दाखवायला काही उरतच नव्हतं.

तिनं हे पुस्तकात वाचलं होतं, स्वतः कधी पाहिलं नव्हतं. क्लोरीन फार म्हणजे फारच झालं की ते पुडीचा रंगच खाऊन टाकतं. मग पाणी बिनरंगाचं राहतं आणि मीटर इमानदारीनं सांगतो, शून्य.

नमुन्याचा एक भाग आणि शुद्ध पाण्याचे एकोणीस, असं मिश्रण करून तिनं पुन्हा मोजलं. आता ते सुरेख गुलाबी झालं. पॉइंट सहा दोन. तिनं वीसनं गुणलं, मग कागदावर गुणलं, मग कॅल्क्युलेटरवर.

"बारा," ती म्हणाली.

"बारा काय?"

"क्लोरीन. बारा."

नमुनेवाल्यानं रुमाल खाली घेतला. सकाळपासून दोनदा फोन करून डोस वाढवायला आपणच सांगितलं, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. आणि सेन्सरचा जुना पडदा रात्री दोनपासून आंधळा होत गेला असणार, आणि त्याच्या आकड्यावर काका डोस चढवत गेले, हे तिला कळलं.

तिनं केंद्रात फोन लावला.

"काका, डोस बंद करा. पूर्ण बंद. पाण्यात बारा आहे."

"बारा?" काका हसले. "अहो बाई, इथं स्क्रीनवर शून्य, तुमच्या मीटरवर शून्य, आणि तुम्ही म्हणता बारा? दोन साक्षीदार एक सांगतायत."

"दोन्ही साक्षीदार खोटे आहेत. वास घेऊन बघा पाण्याचा."

"बावीस वर्षं या खोलीत बसतोय. माझ्या नाकाला आता फुलाचा वास पण क्लोरीनचाच येतो." मग त्यांचा आवाज उतरला. "असं बघा, रात्रभर आकडा पडतोय म्हणून मी डोस चढवत आणलाय. आता तुमच्या तोंडच्या शब्दावर एकदम बंद केला आणि उद्या गावात जुलाब लागले, तर मला फाडून खातील. साहेबांना सांगायला लावा, मी लगेच करतो."

साहेब म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञ. शांत माणूस, आवाज कधी चढत नसे, पण वहीतली तारीख चुकली तरी नजरेतून सुटत नसे. ते दुसऱ्या शहरात कुठल्याशा बैठकीला गेले होते. त्यांनी तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. पाठीमागे कुणीतरी माइकवर बोलत होतं.

"रंग उडतो हे खरं," ते म्हणाले. "पण नमुना एका बाटलीचा. बाटली आधी कशानं धुतलेली असेल. आणि सेन्सरला रंगाचं काही घेणंदेणं नाही. त्याच्यात पुडी नाही. तो का शून्य दाखवेल? पडदा महिन्यापूर्वीच बदललाय ना? वहीत तुमची सही पाहिली मी."

तिच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं. नमुनेवाला समोर उभा होता. खालच्या खणात, फडक्याखाली, डबी होती.

हो म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तिनं पुढे कितीतरी दिवस केला. साहेब म्हणाले असते, सेन्सर ताजा आहे, म्हणजे तो खरा, तुम्ही अजून चार बाटल्या आणा, मग बघू. त्यात तास गेला असता. तासभर ते पाणी सुटत राहिलं असतं. आणि तिची सही शाबूत राहिली असती. त्या क्षणी मात्र एवढं सगळं डोक्यात आलं नाही. फक्त भीती होती, दोन्ही बाजूंनी, आणि कुठल्या भीतीकडे पळायचं एवढंच ठरवायचं होतं.

"नाही बदलला, साहेब," ती म्हणाली. "सही माझी आहे. पडदा जुनाच आहे."

माइकवरचं बोलणं ऐकू येत राहिलं. 

"सात महिने होत आले त्याला," ती म्हणाली. "नवा माझ्या खणात आहे."

"फोन ठेवा," साहेब म्हणाले. "मी काकांना सांगतो."

चार मिनिटांनी काकांचा फोन आला. डोस बंद केला होता, मोठ्या वाहिनीची झडपही बंद करत होते. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला मीटरबाई न म्हणता मॅडम म्हटलं.

पुन्हा साहेब. आता त्यांना सगळं भराभर हवं होतं. वाहिन्या कुठे कुठे रिकाम्या करायच्या, लोकांना कुणी सांगायचं, नळ कुठले बंद. "सुदैवानं या वासाचं पाणी कुणी पिणार नाही," ते म्हणाले. "तोंडाशी नेलं तरी ओतून देतील. पोटात जाणारच नाही फारसं."

ती हो म्हणाली, फोन ठेवला, आणि ते वाक्य तिच्या मनात पुन्हा उमटलं. पोटात जाणार नाही.

आणि ज्यांना पाणी तोंडाशी न्यावंच लागत नाही त्यांचं काय?

सासूबाईंची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वी थकली. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या डायलिसिसला जायच्या. सकाळी नवरा त्यांना सोडायचा, आठला मशीन लागायचं, बारापर्यंत चार तास. त्या चार तासांत एका माणसाच्या रक्ताशेजारून, एका पातळ पडद्याच्या पलीकडून, शंभरावर लिटर पाणी जातं. शहराच्या नळाचं पाणी. त्यातलं क्लोरीन काढायला तिथं कोळशाच्या टाक्या असतात. त्या टाक्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबानं बसवलेल्या असतात. बाराच्या नाही. आणि क्लोरीन रक्तात पोचलं की लाल पेशी फुटतात.

आज मंगळवार होता. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

तिनं डायलिसिस केंद्रात फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. नवऱ्याला लावला, तो आईला सोडून केव्हाच कामावर गेला होता. "का गं, काय झालं?" या प्रश्नाला तिनं "काही नाही" म्हणून फोन कापला, आणि त्या बिचाऱ्याचं कामातलं लक्ष तिथंच उडालं असणार.

"भाऊ, गाडी काढ."

नमुनेवाल्यानं कुठे म्हणून विचारलं नाही. तिनं तीन नंबरचा मीटर, पुड्या, शुद्ध पाण्याची बाटली पिशवीत भरली. स्कूटरवर मागे बसून ती दर चौकात सिग्नलचे आकडे मोजत होती. रस्त्याच्या कडेला एक माणूस नळी धरून दुकानापुढची फरशी धूत होता, त्या पाण्याकडे तिला बघवेना.

डायलिसिस केंद्र दुसऱ्या मजल्यावर होतं. पाण्याची खोली जिन्याच्या बाजूला, आणि तिच्या काचेच्या खिडकीतून पलीकडचा हॉल दिसायचा. नऊ खुर्च्या, नऊ मशीन. तिसऱ्या खुर्चीत सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या, हातातून दोन नळ्या निघालेल्या. दोन्ही लाल.

इथल्या मशीनवाल्यानं, म्हणजे पाणी आणि यंत्रं सांभाळणाऱ्या माणसानं, तिचं बोलणं ऐकलं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं.

"साडेसहाला तपासलंय मी. कोळशानंतर शून्य. रोज शिफ्टच्या आधी तपासतो."

"साडेसहाला हे पाणी तुमच्यापर्यंत आलं नव्हतं. आत्ता तपासू द्या."

त्यानं खांदे उडवले, पण तोटी उघडून दिली. टाकीत येणारं पाणी तिनं वीसपट पातळ करून मोजलं. नऊ. मशीनवाल्यानं आकडा बघितला आणि पुढची तोटी स्वतःच उघडली. कोळशाच्या दोन टाक्या एकामागे एक होत्या. पहिल्या टाकीनंतर एक पॉइंट चार. तिथं काही राहायलाच नको होतं.

"दुसरी घ्या," तो म्हणाला. आता तो तिच्या शेजारी उकिडवा बसला होता.

दुसरी टाकी शेवटची. तिच्यानंतरचं पाणी सरळ मशीनकडे. नळीत पुडी टाकली. पाणी बिनरंगाचंच दिसत होतं. मीटरनं पॉइंट शून्य सहा दाखवलं.

"मर्यादा पॉइंट एक आहे," मशीनवाल्यानं श्वास सोडला. "आत आहे."

"दहा मिनिटांनी परत."

ती दहा मिनिटं तिनं उभ्यानं काढली. काचेपलीकडे सासूबाईंनी डोळे उघडले, तिला बघितलं आणि भुवया वर केल्या. तू इथं कशाला, मी मेले असं कुणी कळवलं का तुला, असा तो चेहरा. त्यांच्या तोंडी ते वाक्य कायम असायचं. मीटरबाईनं हसायचा प्रयत्न केला. शेवटच्या खुर्चीतले एक निवृत्त मास्तर पोटावर हात ठेवून कुशीवर वळत होते, आणि सिस्टर त्यांना काहीतरी विचारत होती.

दुसरं माप. पॉइंट शून्य नऊ.

"अजून आत आहे," मशीनवाला म्हणाला, पण त्याचा आवाज आता त्याच्याच बाजूनं नव्हता. "बघा ताई, नऊ माणसांचं रक्त बाहेर आहे. अर्ध्यावर थांबवायचं म्हणजे डॉक्टर मला विचारणार, कुठल्या आकड्यावर थांबवलंस? पॉइंट शून्य नऊवर? मर्यादेच्या आत असताना?"

"हा मीटर कुणी सांभाळलाय माहीत आहे?"

"तुम्ही."

"मी. आणि मी सांगते, इतक्या बारीक आकड्यावर माझाच याच्यावर भरवसा नाही. पॉइंट शून्य नऊ म्हणजे पॉइंट एक दोन पण असेल. तिथं हा मीटर डोळे किलकिले करून बघतो." तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. "मघाशी शून्य सहा होतं, आता शून्य नऊ आहे. दहा मिनिटांनी किती, ते मोजायला थांबायचं का आपण?"

"आणि तुमचं चुकलं तर?"

"तर माझी सासू मला जन्मभर ऐकवेल. तिसऱ्या खुर्चीत बसलीय ती."

मशीनवाल्यानं काचेतून पाहिलं, मग तिच्याकडे. मग तो उठला आणि दार ढकलून आत गेला.

पुढची वीस मिनिटं तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. एकामागून एक पिवळे दिवे लागले. मशीननी पाणी घेणं बंद केलं. सिस्टर खुर्चीमागून खुर्ची घेत रक्त परत शरीरात सोडत होत्या, धावत नव्हत्या, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सासूबाईंचा आवाज तेवढा काचेपलीकडून आला: "माझं मला सगळं परत द्या हो, तसंही कमीच आहे." सिस्टरला हसू आलं. मीटरबाईला आलं नाही. तिनं तिसरं माप घेतलं. पॉइंट तीन एक. तिनं नळी रिकामी केली, धुतली, पुन्हा घेतलं. पॉइंट तीन तीन. मशीनवाला आकडा बघायला आला आणि टाकीला पाठ टेकून खाली बसला.

मास्तरांना मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. पोटात कळा, डोकेदुखी, रक्ताचा रंग सिस्टरला बरा वाटला नाही. बाकी आठ जणांचं रक्त तपासायला गेलं. संध्याकाळी पाचला अहवाल येईपर्यंत मीटरबाई जिन्याच्या पायरीवर बसून होती. नवरा आला, शेजारी बसला. तिनं त्याला सगळं सांगितलं, पडद्यापासून. तो बराच वेळ पायरीचा कोपरा खरवडत राहिला.

"आई पडली त्याच दिवशी?" त्यानं विचारलं.

"त्याच दिवशी."

त्यानं तिचा हात धरला नाही, आणि उठूनही गेला नाही.

आठही जणांचं रक्त ठीक निघालं. मास्तर नऊ दिवस दवाखान्यात राहिले, त्यांना दोनदा रक्त चढवावं लागलं.  फोन वाजला की ती आधी दवाखान्याचा नंबर आहे का ते बघायची. शहरात वाहिन्या धुण्यात दोन दिवस गेले. काहींना घसा जळजळण्याचा त्रास झाला, एका घरातल्या टाकीतले मासे मेले. जीव कुणाचा गेला नाही.

चौकशी झाली. तिनं सगळं लिहून दिलं, न्हाणीघरातल्या पडण्याबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. साहेबांनी ते वाचून विचारलं, "कारण नाही लिहिलंत?"

"कारण लिहिलं की ते कारणच वाटायला लागतं, साहेब."

"हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत तुम्ही," साहेब म्हणाले. मग कागद फाइलीत लावत, खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी फोनवर हो म्हणाला असतात, तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता. हे मला झोपू देत नाही." एक महिन्याचं निलंबन झालं, आणि वर्षभर तिच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागणार असं ठरलं. चुकीच्या आकड्यावर डोस वाढवल्याबद्दल काकांनाही नोटीस गेली. ती रद्द व्हावी म्हणून तिनं वेगळं पत्र दिलं. काका तिच्याशी पुन्हा बोलू लागले, पण बायकोचा आणि मीटरचा तो विनोद त्यांनी कधी केला नाही.

सासूबाईंना तिनं त्या मंगळवारच्याच आठवड्यात सांगितलं होतं. गुरुवारी पहाटे त्या तयार होऊन पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पायात चपला घातलेल्या, आणि उठत नव्हत्या.

"म्हणजे मी पडले म्हणून हे सगळं," त्या म्हणाल्या.

"नाही. मी न बदलता सही केली म्हणून. पडायला कुणीही पडतं."

सासूबाईंनी चपलेचा पट्टा सोडून परत लावला. तीन वर्षांत त्यांनी सुईची, नळ्यांची, कशाचीच तक्रार केली नव्हती.

"मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. "सुईची नाही. त्या खोलीत जे पाणी असतं ना, ते मला कधी दिसलंच नव्हतं. आता डोळे मिटले की तेवढंच दिसतं."

"मलाही," मीटरबाई म्हणाली. "चला. मी बाहेर उभी राहते."

ती निलंबनाचा पूर्ण महिना उभी राहिली, दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी. मशीनवाला आता दर तासाला पाणी तपासायचा आणि आकडा काचेवर चिकटवायचा, आतल्यांना दिसेल असा. मास्तर परत आले तेव्हा ती जिन्यात होती. त्यांना कुणीतरी दाखवलं असावं. ते काठी टेकत तिच्यासमोर येऊन थांबले.

"पाण्याच्या बाई तुम्हीच का?"

तिनं मान हलवली. आता जे काही बोलतील ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून ती उभी होती.

"आजचं पाणी किती?"

"शून्य."

"खरं शून्य की तसलं?"

 ती पाण्याच्या खोलीत गेली, मास्तर मागोमाग आले, आणि तिनं त्यांच्यासमोर एकदा साधं आणि एकदा वीसपट पातळ करून मोजून दाखवलं. मास्तरांनी दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या. "बरं," म्हणाले आणि आत गेले. माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही. पुढे कित्येक महिने आत जाण्याआधी ते एवढंच विचारायचे, आणि ती असली तर मोजून दाखवायची.

कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी तिनं शुद्धीकरण केंद्रात जाऊन तो पडदा बदलला. तोवर तिथं दर तासाला हातानं मोजून डोस ठरवत होते. सहा तास पाइपाशेजारी स्टुलावर बसून राहिली. नमुनेवाला दुपारी डबा घेऊन आला आणि तोही बसला. त्याची सर्दी गेली होती, पण आता तो प्रत्येक बाटली आधी हुंगायचा. संध्याकाळी आकडा जुळला, तिनं सही केली, खाली साहेबांची झाली. वर्ष संपल्यावर साहेबांनी दुसऱ्या सहीची अट काढायचं पत्र तयार केलं. तिनं ते परत दिलं आणि म्हणाली की राहू द्या.

सासूबाई त्यानंतर अडीच वर्षं होत्या. मग एका हिवाळ्यात हृदयानं साथ सोडली. डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं की याचा त्या मंगळवारशी काही संबंध नाही. मीटरबाईनं ते ऐकलं आणि त्यांना तिसऱ्यांदा विचारलं.